चांगली तार सोलणाऱ्यांनो

खानदेशात गाडीच्या इंजिनाचे मोठे काम काढावे ते हिवाळ्यातच, कारण मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की बॉनेटखाली हात घालवत नाही. म्हणून थंडी पडली की मी माझ्या बदल केलेल्या जिप्सीची वायरिंग उकलून नव्याने बांधतो आणि दर वेळी त्याच एका प्रकाराने संताप होतो: वर्षभरात ज्या कोणाच्या हाती गाडी गेली, त्याने हॉर्न किंवा दिवा जोडताना चांगली तार मध्येच सोलून, तिला दुसरी तार पिळून, वर काळी टेप गुंडाळलेली असते. उन्हाळ्यात टेपचा डिंक पातळ होतो, टेप सुटते आणि उघडे तांबे बॉडीला टेकते. त्यात अशा जोडणीवर लावलेला १०० वॅटचा एक बल्ब १२ व्होल्टवर आठ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो. असे दोन बल्ब मूळ ६० वॅटच्या बल्बांसाठी बेतलेल्या स्विचवर चालवणे म्हणजे आगीलाच आमंत्रण आहे. एक रिले (स्विचच्या छोट्या प्रवाहाने दिव्यांचा मोठा प्रवाह चालू-बंद करणारा) आणि बॅटरीजवळ एक फ्यूज, एवढेच तर लागते! तसे सांगितले की ‘काही व्हत नही, भाऊ’ हे उत्तर ठरलेले असते आणि वितळलेला कनेक्टर हातात ठेवला, तरी पुढच्या गाडीची तार ते तशीच सोलतात.