दहा मिनिटांची टेस्ट ड्राइव्ह: एक स्टारच्या रिव्ह्यूला मालकाचं उत्तर

नमस्कार सर,

आमच्याकडनं घेतलेल्या सेकंडहँड निसान मॅग्नाइटबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. घरच्यांना घेऊन देवीला निघालात आणि घाटात वैताग आला, त्याबद्दल मनापासून सॉरी. आमच्या पोरानं फोनवर नीट उत्तर दिलं नाही असंही लिहिलंय, त्याला बोललोय मी. पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की "दहा मिनिटांत टेस्ट ड्राइव्ह उरकली, काही सांगितलं नाही, डबा गाडी गळ्यात मारली, तुळजापूरचा घाट चढत नाही, एव्हरेज तेरा". बाकीचं मी समजू शकतो सर, पण ते दहा मिनिटांचं वाचलं आणि जेवण गेलं नाही बगा. सोलापुरात होटगी रोडला एवढी वर्षं धंदा करतोय, सेकंडहँड गाडीवाला म्हटलं की लोक आधीच चोर समजतात, त्यात असं कुणी लिहिलं की पुढचं गिऱ्हाईक गेटवरनंच परत जातं.

म्हणून जे झालं ते सगळं लिहितो, थोडं लांबेल.

तुम्ही आलात श्रावणात, शनिवारी रात्री साडेआठला. आमची वेळ आठपर्यंत, बाहेर बोर्डवर लिहिलेलं आहे. शटर अर्धं खाली होतं, तुम्ही म्हणालात लांबनं आलोय, म्हणून परत लाइट लावल्या, पोराला थांबवला, चहा पण सांगितला. बरोबर वहिनी, तुमचे वडील, मेव्हणे आणि दोन लेकरं. मॅग्नाइट तुम्हाला लांबूनच आवडली होती, 2021 ची, एक लिटर साधं पेट्रोल, मॅन्युअल. मी तिथंच उभं राहून सांगितलं की सर हे टर्बो (हवा दाबून जास्त ताकद काढणारं) नाही, हे 72 पीएस पॉवरचं इंजिन आहे, टर्बो 100 पीएसचं असतं, तुम्हाला घाटाघाटानं फिरायचं असेल तर टर्बो बघू, एक बार्शीकडची येणार आहे. तुम्ही म्हणालात बजेट पाचच्या वर जायचं नाही. मी म्हटलं ठीक. हे सांगितलं नाही असं तुम्ही लिहिता, मग मेव्हणे "टर्बोचा मेंटेनन्स जास्त असतो" म्हणून माझ्याशी वाद कशावर घालत होते?

आता ड्राइव्ह. एअरपोर्टच्या पुढं जाऊन परत, हा आमचा ठरलेला राउंड आहे, सगळ्यांना तोच. जाताना तुम्ही चालवली, येताना मेव्हण्यांनी. घड्याळ लावून बसलो नव्हतो पण दहा मिनिटं तर नक्कीच नाही, एअरपोर्टच्या पुढं गाडी लावून तुम्ही मोबाइल ब्लूटूथला जोडून स्पीकर बघत होतात, मग वहिनींना रिव्हर्स कॅमेरा दाखवला, मग लेकरांनी सगळ्या काचा खालवर केल्या. त्यात जो वेळ गेला तो पण टेस्ट ड्राइव्हचाच ना सर? मी मागं बसून दोनदा म्हटलं गाणं बंद करा आणि न्यूट्रलला एसी लावून इंजिन ऐका, तीन सिलेंडरची गाडी आहे, सीटला थोडी थरथर लागते, ती तुम्हाला चालणार आहे का ते आत्ताच बघा. तुम्ही म्हणालात "आवाज मस्त आहे". तो स्पीकरचा होता.

आणि घाटाचं तर मीच काढलं होतं. म्हटलं रात्रीचं नको, पाऊस आहे, उद्या सकाळी सातला या, असंच सगळ्यांना घेऊन या, तुळजापूर रोडनं घाट चढून येऊ, पेट्रोल माझं. तुम्ही म्हणालात रविवारी जमत नाही, गाडी आवडली, टोकन घ्या. मेकॅनिक आणा म्हटलं, तर मेव्हण्यांना सगळं कळतं म्हणालात. आता सांगा मी काय करायला पाहिजे होतं, टोकन परत ढकलायचं? धंदा आहे सर, पोट आहे. हप्ते आमचे पण चालू आहेत.

रिव्ह्यू वाचून दुसऱ्या कुणाचा गैरसमज नको म्हणून गाडीबद्दलही लिहितो, कारण गाडीचा काही दोष नाही. हे मॉडेल डिसेंबर 2020 ला बाजारात आलं तेव्हा सुरुवातीची किंमतच 4 लाख 99 हजार होती, तेवढ्यात एसयूव्हीच्या उंचीची दुसरी नवी गाडी मिळायची मारामार होती. स्वस्त कुठनं झाली ते उघड आहे. लांबी 3994 मिलिमीटर, म्हणजे चार मीटरच्या आत, का तर चार मीटरच्या आत आणि बाराशे सीसीच्या आत पेट्रोल असलं की टॅक्स कमी. आणि इंजिन 999 सीसीचं. त्यातनं 96 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, निघतो आणि तो पण 3500 आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे). म्हणजे खालच्या आरपीएमला ताकद नाही, वरच्याला आहे. तुम्ही पाच मोठी माणसं, दोन लेकरं, डिकीत सामान, एसी फुल, आणि चौथ्या गिअरात घाट चढताय, आरपीएम दोन हजाराच्या खाली, ती रडणारच. एसी दोन मिनिटं बंद करून दुसरा गिअर टाका, इंजिन ओरडू द्या, चढते. आवाज होतो म्हणून लोक घाबरून वरचा गिअर टाकतात आणि तिथंच फसतात. (आणि पाच सीटच्या गाडीत सात जण, ते मी बोलत नाही, देवीचं काम होतं.)

तुम्ही लिहिलंय की "मित्राची नेक्सॉन बाजूनं सुसाट गेली". सर ती डिझेल असणार. त्या दीड लिटर डिझेलला 260 न्यूटन मीटर आहेत, तुमच्या गाडीच्या अडीचपटीहून जास्त. बैलगाडी आणि ट्रॅक्टरची शर्यत लावून बैलाला एक स्टार कसा द्यायचा? तुलना करायचीच तर आमच्याच यार्डात त्या रात्री टाटाची पंच आणि ह्युंदाईची एक्स्टर उभ्या होत्या, दोन्ही बाराशे सीसीच्या, 113-114 न्यूटन मीटरवाल्या, दोन्ही तुम्हाला उघडून दाखवल्या. एक्स्टरला चार सिलेंडर, इंजिन गुळगुळीत, डिकी 391 लिटरची, मॅग्नाइटची 336. मी स्वतः तुम्हाला म्हटलं की घरात माणसं जास्त असतील तर ती बघा. तुम्हाला मॅग्नाइटचा लूक आवडला आणि मंगळवेढ्याकडच्या शेतातल्या रस्त्याला उंच गाडी पाहिजे होती. ते बरोबरच होतं, 205 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स आहे, पंचला 187, एक्स्टरला 185. पावसात त्या रस्त्यानं खाली घासली का एकदा तरी? ते रिव्ह्यूत नाही लिहिलं.

"डबा" म्हणालात ते मात्र लई लागलं. गाड्यांची क्रॅश टेस्ट करणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेनं 2022 ला हेच मॉडेल आपटून बघितलं, मोठ्या माणसांसाठी चार स्टार मिळाले. लेकरांसाठी दोनच मिळाले, हे पण खरं आहे, मी लपवत नाही, म्हणूनच मी तुम्हाला लहान मुलीसाठी चाइल्ड सीट घ्या म्हटलं होतं, तुम्ही हसलात. ऑक्टोबर 2024 च्या नव्या मॉडेलला सहा एअरबॅग सगळ्या व्हेरिएंटला आल्या, तुमच्या गाडीला दोन आहेत, हेही लिहून दिलेल्या कागदावर आहे.

एव्हरेज. कंपनीचा आकडा 18.75 चा होता, तो लॅबमधला, तिथं सात रस्ता चौकाचा सिग्नल नसतो. तुमचं जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी रोजचं, छोटे टप्पे, एसी चालू, 13-14 येणार, त्यात मला काही नवल वाटत नाही. शिवाय आता पंपावर सगळीकडं 20 टक्के एथेनॉलवालं पेट्रोल, एथेनॉलमध्ये ऊर्जाच पेट्रोलपेक्षा कमी, त्यामुळं थोडं घटतंच. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, तक्रार तरी कुणाकडं करायची. तरी एकदा टाकी फुल करून परत फुल होईपर्यंतचं काढा, स्क्रीनवरचा आकडा धरू नका, टायरची हवा बघा. आणि खर्चाचं बोलायचं तर इन्शुरन्सचं पण बोला की. हजार सीसीच्या आतली गाडी म्हणून तुमची थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीचा सक्तीचा विमा) वर्षाला 2094, पंच-एक्स्टरवाल्याला 3416, वर जीएसटी वेगळा. हा फरक दरवर्षीचा आहे.

राहिलं ते "महिन्यात नव्या गाड्या स्वस्त झाल्या, यांना माहीत असणार". सर, मला कसं माहीत असणार? आपला व्यवहार झाला त्यानंतर 15 ऑगस्ट 2025 ला लाल किल्ल्यावरनं जीएसटी कमी करायची घोषणा झाली, सप्टेंबरमध्ये जीएसटी कौन्सिलनं ठरवलं आणि घटस्थापनेच्या दिवशी, 22 सप्टेंबरला, छोट्या पेट्रोल गाड्यांचा टॅक्स सेससकट 29 चा 18 टक्के झाला. नव्या उतरल्या की जुन्यांचे भाव आपोआप पडतात, माझ्या यार्डात उभ्या असलेल्या सगळ्या गाड्यांचे पडले, मी महाग घेऊन ठेवलेल्या. तुमचं एका गाडीत गेलं, माझं किती गेलं ते मी कुठं रिव्ह्यू टाकू.

तुम्हाला वाईट वाटावं म्हणून लिहित नाही. वडील तुमचे फार सज्जन माणूस, जाताना पोराच्या हातात पन्नास रुपये ठेवून गेले, ते आम्ही विसरलो नाही. फक्त गळ्यात मारली हा शब्द तेवढा काढा सर, बाकी स्टार तुमच्या मनावर. टेस्ट ड्राइव्हचं पण यापुढं काहीतरी नीट करायचं चाललंय, सकाळची वेळ वेगळी ठेवायची, रात्री आठनंतर कुणालाच नाही, घाट पाहिजे त्याला घाट, आणि इंजिनाचं काय काय सांगितलं त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्यायची वगैरे. बघतोय कसं जमतंय, माणसं कमी आहेत.

आणि गाडी एकदा घेऊन या. एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग बघू, क्लच घासलाय का तेही बघू, घाटात चौथ्यात ओढत बसलं की क्लचवर येतं सगळं. बघायचे पैसे घेणार नाही, पार्ट लागला तर पार्टचे मात्र द्यावे लागतील. सोमवारी बंद असतं. आणि आठच्या आत या.