कडी बसली म्हणजे लेन्स चालली असे नाही

कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्स शोधणाऱ्यांमध्ये एक विधान सर्रास फिरते: ‘अडॅप्टर म्हणजे नुसती धातूची कडी. मापाची कडी मिळाली की कोणतीही लेन्स कोणत्याही बॉडीवर चालते. फोटो बिघडलाच, तर दोष अडॅप्टरचा, नाहीतर आरशावरच्या धुळीचा.’ यावर विसंबून लोक नको त्या कड्यांवर पैसे घालवतात, म्हणून त्याचा एकेक भाग तपासायला हवा.

प्रथम ‘कोणतीही लेन्स, कोणतीही बॉडी’. प्रत्येक लेन्स ही माउंटपासून, म्हणजे लेन्स बॉडीला अडकते त्या जोडापासून, चित्र टिपणाऱ्या सेन्सरपर्यंतचे ठरावीक अंतर गृहीत धरून घडवलेली असते. निकॉनच्या 1959 सालच्या एफ माउंटमध्ये ते 46.5 मिलिमीटर आहे आणि कॅननच्या 1987 सालच्या ईएफ माउंटमध्ये 44. त्यामुळे निकॉनची लेन्स कॅननच्या बॉडीवर अडीच मिलिमीटरच्या कडीने नेमक्या जागी येते. उलट दिशेने मात्र, कडी कागदाइतकी पातळ केली तरी, कॅननची लेन्स किमान अडीच मिलिमीटर पुढेच राहते, आणि 50 मिलिमीटरच्या लेन्सचा हिशेब मांडला तर सुमारे एक मीटरपलीकडचे काहीही तिला स्पष्ट टिपता येत नाही. समोरच्या माणसाचा चेहरा येईल, त्याच्यामागचा डोंगर येणार नाही. भिंग बसवलेला अडॅप्टर ही उणीव भरून काढतो, पण ते भिंग मूळ रचनेतले नसल्याने चित्राची धार बोथट करते. शिवाय ईएफ लेन्सचे ॲपर्चर, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणारे छिद्र, विजेवर चालते. साध्या कडीवर ते उघडेच राहते.

एवढे अंतर राखावे लागले ते आरशामुळे. लेन्समागे 45 अंशांत बसवलेला हा आरसा प्रकाश वरच्या पडद्यावर आणि तिथून पेंटाप्रिझम नावाच्या काचेच्या लोलकामार्गे डोळ्यापर्यंत नेतो, आणि त्याला उचलले जाण्यासाठी मोकळी जागा लागते. आरसा काढून टाकल्यावर सोनीच्या ई माउंटला 18 आणि निकॉनच्या झेड माउंटला 16 मिलिमीटर पुरले. म्हणूनच आरशाच्या कॅमेऱ्यांच्या बहुतेक जुन्या लेन्स या बॉडींवर पोकळ नळीसारख्या अडॅप्टरने अनंतापर्यंत, म्हणजे कितीही दूरवर, फोकस होतात.

‘दोष अडॅप्टरचा’ हे म्हणणे अर्धेच खरे आहे. पोकळ नळीत हवेशिवाय काही नसते, त्यामुळे ती चित्राचा दर्जा आपोआप घटवत नाही. मात्र ती तिरपी असेल तर चौकटीची एक बाजू धूसर होते, आणि आतून चकाकणारी असेल तर चित्रावर फिकट झाक येते.

धुळीचा आरोप सर्वांत निराधार आहे. फोटो घेताना आरसा वर उचललेला असतो. प्रकाशाच्या वाटेत तो नसतोच. कॅननच्या 1965 सालच्या पेलिक्ससारखे, अर्धपारदर्शक आरसा जागचा न हलणारे मोजके कॅमेरे याला अपवाद आहेत. एरवी फोटोतला डाग बहुधा सेन्सरवरचा असतो. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारा कण आरशाचा समजून तो कापडाने घासणे तर घातकच, कारण या आरशाचा चकाकता थर काचेमागे नव्हे, तर काचेच्या पुढच्या पृष्ठभागावर असतो.