शेऱ्याचा रकाना

परवाच्या मासिक बैठकीत माझ्या अंगणवाडीचं नाव लाल यादीत वाचलं. बावीस वर्षांच्या नोकरीत (नोकरी म्हणायचं नसतं, आम्ही मानसेवी) भिंतीवर नाव झळकायची ही तिसरी वेळ. प्रोजेक्टरवर केंद्रांची नावं, हिरवी, पिवळी, लाल. ज्यांचं हिरवं होतं त्याही बाया मान खाली घालून बसल्या होत्या. पुढच्या महिन्यात पाळी कुणाची, हे कुणाला माहीत?

लाल कशामुळं झालं ते सांगते.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, मग भांडीकुंडी, शेळी, लेकरं सगळं ट्रॅक्टरवर. पाडव्याच्या आगेमागे माणसं परततात. यंदा एक बाई थोडी आधी आली, मांडीवर तीन महिन्यांचं लेकरू. बाळंतपण तिकडं कोपीवरच, म्हणजे ऊसतोड्यांच्या खोपटातच झालेलं. पोषण आहाराची पाकिटं न्यायला केंद्रावर आली.

१ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहाराला सरकारच्या पोषण ट्रॅकर अॅपात चेहरा जुळवणं सक्तीचं आहे. फोन तोंडासमोर धरायचा, बाईनं डोळे मिचकावायचे, आधीच्या फोटोशी चेहरा जुळला तर वाटप नोंदलं जातं. हिचा आधीचा फोटो श्रावणातला. तेव्हा पाचवा महिना होता, तोंड भरलेलं, कपाळावर ठसठशीत कुंकू. आता गालफडं बसलेली, उन्हानं रापून काळी पडलेली. खोलीत धरला फोन, नाही जुळलं. ओट्यावर आणलं, लिंबाखाली नेलं, मारुतीच्या पांढऱ्या भिंतीला टेकून उभी केली. लेकरू रडायला लागलं म्हणून मदतनीस ताईंनी काखेला घेतलं. दहाव्या-बाराव्या वेळेला ती मला म्हणाली, "बाई, मीच हाय की. ह्याला वळखू येईना का मी?"

नवीन फोटो चढवायचा तर ओटीपी लागतो. आधारला नंबर नवऱ्याचा, आणि नवरा कर्नाटकातल्या फडात, फोन बंद.

ती खंगली होती म्हणून जुळत नव्हती. आणि खंगली होती म्हणूनच तिला पाकिटं पाहिजे होती. हे कुणाला सांगायचं? अॅपात बटण आहे, टक्का आहे, रंग आहे. सांगायला जागा नाही.

पाकिटं दिली मी. जुन्या रजिस्टरवर तिची सही घेतली. अॅपात वाटप शिल्लक राहिलं. अशा सात-आठ बाया झाल्या आणि केंद्र लाल.

जुन्या रजिस्टरला सगळ्यात शेवटी एक अरुंद रकाना असायचा, शेरा. सरकारी कागदातली मला आवडणारी एकमेव गोष्ट. "आई कारखान्यावर, आजीजवळ आहे, आजीला दिसत नाही." "वजन घटले, गोवर येऊन गेला." "पाऊस, नदीला पाणी, वस्तीवरची लेकरं आली नाहीत." अक्षर बारीक करून दोन ओळी बसवायच्या. पर्यवेक्षिका आल्या की आकड्यांच्या आधी बोट त्या रकान्यावर ठेवायच्या, आणि तिथूनच बोलणं सुरू व्हायचं.

आता कुणी म्हणेल, रजिस्टरात खोटं चालत नव्हतं का? चालत होतं, भरपूर चालत होतं. पटावर तीस आणि पंगतीला अकरा, अशी केंद्रं मी स्वतः बघितली आहेत. माझी आई बाहत्तरच्या दुष्काळात पाझर तलावावर खडी फोडायला जायची, सुकडीवर दिवस काढायची. मस्टरवर अंगठा एकाचा आणि पैसे दुसऱ्याच्या खिशात, हे तिनंच सांगितलेलं. म्हणजे सरकारला संशय आला तो उगाच आला असं मी म्हणत नाही. पण संशय मस्टर लिहिणाऱ्याचा आणि फोटो खडी फोडणारीचा, हा कुठला न्याय? रोजगार हमीच्या कामावर हजेरीचं अॅप २०२१ मध्ये आलं, २०२३ पासून सक्तीचं झालं, दिवसातून दोनदा फोटो. मग जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास खात्यालाच पत्रक काढून सांगावं लागलं की कामाशी संबंध नसलेले फोटो टाकतात, फोटोचाच फोटो काढून चढवतात. चोर पुढं गेला, आणि रेंज नाही म्हणून हजेरी बुडाली ती खरंच उन्हात उभी असलेल्या बाईची.

पुण्याला आयटीत असलेला भाचा म्हणतो, "मावशी, हे चीनसारखं चाललंय." त्यानं समजावून सांगितलं. तिथं २०१४ मध्ये सरकारनं लोकांची 'सामाजिक पत' मोजायचा मोठा आराखडा काढला. रोंगचेंग नावाच्या शहरात तर प्रत्येक माणसाला सुरुवातीला १००० गुण दिले होते, चांगलं वागलं की वाढ, वाईट वागलं की घट. कोर्टानं सांगूनही देणं फेडलं नाही तर काळ्या यादीत नाव, मग विमानाचं आणि वेगवान रेल्वेचं तिकीट मिळत नाही. देशभर सगळ्यांना एकच गुणपत्रिका आहे असं आपल्याकडं व्हॉट्सअॅपवर फिरतं ते मात्र खरं नाही, हेही तोच म्हणाला. मी म्हटलं, बाबा, आमच्याकडं विमानाचा प्रश्नच नाही. पण यादीत नाव का आलं हे विचारायला तिथं निदान कोर्ट तरी आहे ना? मी विचारलं तर पर्यवेक्षिका मॅडम म्हणतात, सिस्टीम दाखवते. मॅडमचंही खरं आहे, त्यांच्या बीटचाही (त्यांच्या हाताखालच्या अंगणवाड्यांचा) रंग असतो, आणि त्यांच्या साहेबांच्या प्रकल्पाचाही. नागपूरला सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली होती. ती बातमी वाचून आम्ही हसलो होतो. आता हसायला येत नाही.

केंद्र सरकारनं २०१८ मध्ये सेविकेचं मानधन ४५०० केलं, त्यावर कामगिरीचे ५०० वेगळे. राज्याचा वाटा निराळा. मानधन वाढवा म्हटलं की तुम्ही मानसेवी, स्वखुशीनं काम करता. मार्क द्यायची वेळ आली की पक्के नोकर. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले, त्यात मीही होते. फोन तापायचा, अडकायचा, अॅप पेलायचा नाही त्याला. तेव्हा वाटलं होतं भांडण मोबाईलचं आहे.

निभावतो कसं म्हणाल, तर जमेल तसं. रेंज पाण्याच्या टाकीवर येते, म्हणून सगळ्या माहित्या खाली भरून ठेवायच्या आणि संध्याकाळी पोराला वर पाठवायचं. अंगणवाडी उघडल्याचा फोटो वेळेत गेला पाहिजे, म्हणून शेजारची चार लेकरं तोंड न धुता आणून बसवायची. गटावर एकीनं "झालं गं हिरवं" टाकलं की बाकीच्या विचारतात कसं केलंस. मुलांचं काय केलंस, हे आता गटावर कुणी विचारत नाही. मीही नाही. मागच्या महिन्यात एका तापलेल्या पोराच्या घरी जायचं होतं, आणि मी अर्धा तास फोन हातात धरून गोल फिरणाऱ्या चकलीकडं बघत बसले. आधी हिरवं होऊ दे म्हटलं. मग गेले. पोरगं बरं आहे, पण ती अर्धा तासाची गोष्ट मी घरीसुद्धा सांगितली नव्हती. आज इथं लिहिते आहे.

स्थलांतराची नोंद अॅपात करता येते, हे सांगायला कुणीतरी येईलच कमेंटात. येते की. हे लेकरू अमक्या गावच्या अंगणवाडीत गेलं, असं दाखवता येतं. फडातली कोपी कुठल्या अंगणवाडीत येते ते तेवढं सांगा.

रजिस्टर मी बंद केलेलं नाही. दोनशे पानी वही आणते, पट्टीनं रकाने आखते, शेवटचा जरा रुंद ठेवते. सुनबाई म्हणतात, दुप्पट काम कशाला. त्या बाईच्या नावापुढं लिहिलंय, "चेहरा जुळत नाही. अशक्त. पाकिटं दिली."

काल रात्री नऊला मॅडमचा फोन आला. वरून तातडीनं माहिती मागवलीय, ऊसतोडीला गेलेली लेकरं किती, कुठल्या कारखान्यावर, मागं कोणाजवळ राहिलीत. अॅपातून निघत नव्हती. जरा थांबून त्या म्हणाल्या, "ताई, तुमची ती वही आहे का अजून?"

पानांचे फोटो काढून पाठवले. सतरा पानं होती, टाकीवर जाऊन चढवावी लागली.