हलवा प्रकरणाचा खुलासा, मालकाकडून

नमस्कार ताई, तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू काल रात्री गल्ला मोजून झाल्यावर वाचला, मग बायकोने वाचला, मग तिने तो किचनमध्ये सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. "गैरसोयीबद्दल क्षमस्व" एवढं टाकून मोकळं होता आलं असतं पण तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंय की एका ओळीत उत्तर देणं बरं दिसणार नाही.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ताईंचं म्हणणं असं की आमच्या मासळीच्या हॉटेलात मेन्यूवर सगळी गाण्यांची नावं आहेत, त्यावरून मासा कुठला ते कळत नाही, 'मेरे हाथों में नौ नौ बांगडे' मागवले तर ताटात आले दोन, बोंबील लिबलिबीत होते, मोठ्या गायकांच्या नावांची आम्ही चेष्टा लावलीये, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांच्या शुद्ध शाकाहारी सासूबाईंनी जेवणानंतर काहीतरी गोड म्हणून 'हलवा के साथ साथ' सांगितला तर समोर डोक्यासकट तळलेला मासा आला.

आधी हलव्याचं. ताई, इथे मी शंभर टक्के चुकलो. आम्ही मूळचे वेंगुर्ल्याचे, आमच्या घरात हलवा म्हटलं की मासाच, काळसर, चपटा, पापलेटचा दणकट भाऊ. गाजराचा हलवा असतो हे मला माहीत नाही असं नाही हो, पण मेन्यू लिहिताना डोक्यात 'सीता और गीता'चं 'हवा के साथ साथ' वाजत होतं आणि त्यात एक ल घुसवला की काम झालं म्हणून मी स्वतःवरच खूश होतो. पुण्यात हॉटेल आहे, टेबलावर एक तरी माणूस वरण भात खाणारं असतंच, हे तेव्हा सुचायला हवं होतं. त्यात वाढणारा पोरगा नवीन, त्याला वाटलं आजी हौशी दिसतायत. तुम्ही लिहिलंय की काकूंनी आधी त्या माशाकडे बघितलं, मग तुमच्याकडे बघितलं आणि काही न बोलता हात धुवायला उठल्या. हे वाचून मला घाम फुटला. त्यांची मनापासून माफी मागतो. बिलात तो हलवा लावलाय हे तर अजूनच वाईट, ते पैसे परत करणार, फक्त बिलाचा फोटो पाठवा.

आता बांगडे. प्लेटमध्ये दोन येतात, ते रेटच्या शेजारी कंसात लिहिलंय, पण अक्षर बारीक आहे हे मान्य. नऊ बांगडे एका माणसाने संपवले तर ॲम्ब्युलन्स मलाच बोलवावी लागेल. आणि ताई, तुम्ही 'चांदनी'तलं ते गाणं पुढे ऐका, पुढच्याच ओळीत 'मजबूरियां' आहेत, त्या आमच्या.

बोंबलाचं मात्र गमतीवारी नेत नाही. रविवार होता, दुपारी दोनपर्यंत बाहेर वीस माणसं उभी. बोंबलात पाणी फार असतं, तो चिरून मधला काटा काढून मीठ हळद लावून फडक्यात गुंडाळायचा आणि वर पाटा ठेवून किमान तासभर दाबायचा, तेव्हा कुठे पाणी निथळतं आणि मग तांदळाच्या पिठात आणि रव्यात घोळवून तळला की कडक होतो. त्या दिवशी दुसरा लॉट अर्ध्या तासातच पाट्याखालून काढला, मी स्वतः काढायला सांगितला. तुमच्याकडे तोच आला. लिबलिबीत हा शब्द बरोबर आहे.

पण चेष्टेचा मुद्दा, इथे मला थोडं बोलू द्या.

हॉटेल टाकायच्या आधी मी बारा वर्षं ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड, म्हणजे आठ पॅडचा इलेक्ट्रॉनिक ड्रम, वाजवला (आठ पायांचं जनावर तेव्हापासून नशिबात होतं म्हणायचं). गणपती, हळदी, सोसायटीचे वर्धापनदिन, रात्री दोन दोन वाजेपर्यंत हीच गाणी. ती चेष्टा करण्यासाठी नाही घेतली, ती अंगात मुरलेली आहेत आणि मासेही अंगात मुरलेले आहेत, दोन्ही एकाच डोक्यात राहतात तर कधीतरी एकमेकांना धडकणारच ना. आणि उगाच कुठलंही नाव कुठल्याही माशाला चिकटवलेलं नाही. 'मी डोलकर' या नावाने आमच्याकडे काय मिळतं? बोंबील. का, तर डोल हे पिशवीसारखं मोठं जाळं असतं, ते समुद्रात खुंटांना बांधून ठेवतात आणि भरती ओहोटीच्या ओढीने मासळी आपोआप आत जाते, आणि बोंबील त्याच डोलीत सापडतो. शांताबाई शेळक्यांच्या शब्दांवर लोक नाचतात, पण डोलकर म्हणजे डोलणारा असं समजून नाचणारे मी ऑर्केस्ट्रात शेकड्याने बघितलेत. आमच्या मेन्यूमुळे दोन चार जणांना तरी जाळं कळलं.

'पापलेट सांगा कुणाचे' ही लहान मुलांची प्लेट, काटे काढून देतो. त्या प्रश्नाचं उत्तर तर 2023 मध्ये सरकारनेच दिलं, चंदेरी पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. 'रावस अकेला है' म्हणजे एकट्या माणसासाठी एकच तुकडा आणि अर्धा भात. 'ये है बोंबील मेरी जान' हे सुक्या बोंबलाच्या चटणीचं नाव. 'जिताडा यहां मरना यहां' रोज नसतं, पेण अलिबागकडून जिताडा आला तरच फळ्यावर लिहितो. 'सुरमई अखियों में' याला तर मी हातच लावलेला नाही, 'सदमा'त ते तसंच आहे, सुरमा लावलेले डोळे, आणि माशाची पाठ पण बघा तशीच निळसर करडी. जून जुलै समुद्रात मासेमारी बंद असते, ते 61 दिवस बाहेरच्या पाटीवर फक्त 'जाने कहां गये वो दिन' असतं.

गायकांचं म्हणाल तर मेन्यूवर दोनच आहेत. एक 'मन्नादेली फ्राय', म्हणजे मांदेली नावाचे छोटे मासे, तळलेले. मन्ना डे यांचा अपमान म्हणता, पण ताई, 1965 च्या 'चेम्मीन' नावाच्या मल्याळम सिनेमात मन्ना डेंनी गाणं गायलंय, कोळ्यांची गोष्ट आहे ती, आणि चेम्मीन म्हणजे कोलंबी. मग मांदेली का राग धरेल. दुसरी 'सुरमई वाढकर थाळी', म्हणजे रस्सा आणि भात मागाल तितका वाढणार. 'लेकिन'मधलं 'सुरमई शाम' सुरेश वाडकरांचंच आहे, त्यामुळे हे नाव मी जुळवलं नाही, ते आधीच जुळलेलं होतं, मी फक्त ड चा ढ केला. लतादीदींच्या नावावर कोटी करायची हिंमत झाली नाही. एक सुचली होती, बायकोने लाटणं दाखवलं.

'व्हाय धिस कोलंबी डी' माझं नाही, मुलीचं आहे. मला स्वतःला ते आवडत नाही, पण खप त्याचाच सगळ्यात जास्त, काय करणार.

मोरीबद्दल, म्हणजे छोट्या शार्कबद्दल, तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण मागच्या महिन्यात नागपूरच्या एका काकांनी 'मोरा गोरा अंग' शेजारी मोरी मटण वाचून विचारलं होतं की मोरीत शिजवता का हो. म्हणजे गोंधळ तुमचा एकटीचा नाही, आणि याचा अर्थ गोंधळ माझ्याच मेन्यूत आहे, हे मला तुमचा रिव्ह्यू वाचून नीट पटलं. मुलूख बदलला की मोरीची न्हाणी होते आणि हलव्याची मिठाई.

तर आजच प्रिंटरकडे जाऊन आलो. नावं तीच राहणार, ते माझ्याने सुटायचं नाही, पण प्रत्येक नावाखाली ठळक अक्षरात मासा, किती तुकडे, तळलेला की रश्श्यातला, आणि शाकाहारी पदार्थांचं वेगळं हिरवं पान, त्यात वालाचं बिरडं, बटाट्याची भाजी, सोलकढी. हलव्यापुढे 'हा मासा आहे' एवढं थेट लिहिलंय, प्रिंटरवाला पण हसला. नवीन कार्ड शनिवारी येतंय. वाढणाऱ्या पोराला सांगितलंय की कुणी हलवा मागितला की आधी विचारायचं, पोहणारा की किसलेला.

काकूंना घेऊन एकदा या, बायको त्यांच्यासाठी घरून दुधी हलवा करून आणणार आहे, मासळीच्या कढईला न लागलेला, वेगळ्या डब्यात. आदल्या दिवशी फोन करा म्हणजे दुधी किसायला वेळ मिळेल. सोमवारी बंद असतं. काउंटरला नाव सांगायची गरज नाही, नुसतं 'हलवावाले' म्हणा.