पाच दिवस पुरतात तिथे दहा का?

लहान मुलांना अँटिबायोटिक लिहून देताना मी वर्षानुवर्षं ‘७ दिवस’ लिहीत आलो. कधी दहा. सातच का, असं कुणी विचारलं असतं तर ‘असंच शिकवलंय’ यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता पुरावे आहेत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या एका मोठ्या चाचणीत साध्या न्यूमोनियाच्या २,१८८ मुलांपैकी काहींना तीन, तर काहींना पाच दिवस अमॉक्सिसिलिन दिलं. दोन्ही गटांत दहापैकी जवळपास नऊ मुलं बरी झाली. २०२१ मध्ये ब्रिटन-आयर्लंडमध्ये तीन आणि सात दिवसांची तुलना झाली, कॅनडात पाच आणि दहाची. कमी दिवस कुठेच तोकडे पडले नाहीत. ब्रिटनच्या चाचणीत तीन दिवसवाल्यांचा खोकला थोडा जास्त रेंगाळला, हेही सांगायला हवं.

‘कोर्स अर्धवट सोडला की जंतू निर्ढावतात’ हे आपल्या मनात पक्कं बसलंय. क्षयरोगात ते खरंही आहे. पण गोळी किंवा सिरप फक्त फुप्फुसात जात नाही. आतड्यात, घशात, त्वचेवर राहणारे निरुपद्रवी जंतूही त्यात मरतात आणि औषधाला दाद न देणाऱ्यांना मोकळं रान मिळतं. आजार बरा झाल्यावरचा प्रत्येक जादा दिवस हेच करतो. शिवाय जुलाब, पुरळ, आणि ताप उतरून चार दिवस झालेल्या, खेळणाऱ्या पोराचे हात धरून त्याला औषध पाजणारी आई! हा त्रास मला बिनकामाचा वाटतो.

सगळीकडे मात्र हे चालत नाही. दोन वर्षांखालच्या मुलांच्या कानाच्या संसर्गात, २०१६ च्या अमेरिकी चाचणीत, पाच दिवसांच्या गटात ३४ टक्के मुलांवर उपचार फसले, तर दहा दिवसांच्या गटात १६ टक्के. स्ट्रेप्टोकोकस या जंतूमुळे घसा सुजला असेल तर त्यातून पुढे होऊ शकणाऱ्या संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा खराब होऊ नयेत म्हणून बहुतेक ठिकाणी अजून दहा दिवसच देतात. तान्ह्या बाळांचं आणि गंभीर आजारी मुलांचं गणितही वेगळंच. म्हणून पालकांनो, ही पोस्ट वाचून औषध मनाने थांबवू नका. डॉक्टरांना विचारा, ‘किती दिवस, आणि इतके का?’ विचारायला अजिबात संकोच करू नका.

आणि माझ्या डॉक्टर मित्रांनो, आकडा सवयीने नको, आजार पाहून लिहूया. मी आता दिवसांच्या आकड्याशेजारीच लिहून देतो: दोन दिवसांत ताप उतरला नाही, श्वास जोरात चालला किंवा मूल काही पिईनासं झालं, तर लगेच परत आणा.