हमाल की आखडणारी दोरी? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

पेशीविभाजनावरच्या माझ्या लेखात ‘मोटर प्रथिने गुणसूत्रांना पाठीवर घेऊन हमालांसारखी ध्रुवाकडे चालत जातात’ असे वाक्य होते आणि त्यावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. (मोटर प्रथिने म्हणजे इंधन खर्चून सूक्ष्मनलिका या पेशीतल्या बारीक नळ्यांवरून सरकणारी प्रथिने, आणि ध्रुव म्हणजे विभागणाऱ्या पेशीतली त्या नलिकांची दोन विरुद्ध टोके.) पहिला असा, की पश्चावस्थेत, म्हणजे गुणसूत्रांच्या जोड्या फुटून दोन्ही बाजूंना जातात त्या टप्प्यात, गुणसूत्रे ध्रुवाकडे सरकतात ती सूक्ष्मनलिका आखडत गेल्यामुळे, त्यामुळे मोटर प्रथिनांचे काम दुय्यम ठरते. दुसरा, काइनेसिन हे मोटर प्रथिन सेकंदाला साधारण अर्धा ते एक मायक्रोमीटर जाते, तर पश्चावस्थेतले गुणसूत्र मिनिटाला एक-दोन मायक्रोमीटरच सरकते, तेव्हा वेगाचा हिशेबच जुळत नाही. तिसरा, रेणू ‘चालतात’ हे विज्ञान नसून कवित्व आहे. पहिल्या आक्षेपातला पूर्वार्ध मला मान्य आहे, उत्तरार्ध मान्य नाही. दुसऱ्यातले आकडे बरोबर आहेत, पण त्यांवरून आपण काढलेला निष्कर्ष चुकतो. तिसऱ्याबाबत मात्र मी माझे म्हणणे सोडणार नाही.

आधी चूक कबूल करतो. 1988 मध्ये कोशलँड, मिचिसन आणि कर्श्नर यांनी पेशीबाहेर, काचेवर, गुणसूत्रांना सूक्ष्मनलिका जोडल्या आणि मग द्रावण पातळ करून त्या नलिका विरघळू दिल्या. टोक झिजत गेले तसे गुणसूत्र त्या टोकाला धरून मागे सरकत गेले, आणि तेही एटीपी नसताना. मोटर प्रथिनांचे इंधनच जिथे नाही तिथे हमालाला श्रेय कसे द्यायचे? पुढे 2006 मध्ये विखंडनाने वाढणाऱ्या यीस्टमधून ध्रुवाच्या दिशेने जाणारी मोटर प्रथिने काढून टाकून पाहिली, तरीही गुणसूत्रे ध्रुवाकडे गेलीच. हा जोर कुठून येतो तेही आता बरेच स्पष्ट आहे. नलिका ज्या प्रथिनाची बनते त्या ट्युब्युलिनच्या जोड्या एकावर एक रचून उभे धागे होतात आणि असे साधारण 13 धागे कडेकडेने चिकटून एक नलिका तयार होते. रचना होताना प्रत्येक जोडीशी बांधलेल्या जीटीपी या एटीपीसारख्या रेणूचे विघटन होते आणि त्यानंतर त्या जोडीला सरळ राहण्यापेक्षा वाकणे सोयीचे वाटते, पण शेजारचे धागे तिला ताठ धरून ठेवतात. टोकावरची ही पकड सुटली की रंधा मारताना ढलप्या वळाव्यात तसे धागे बाहेरच्या बाजूला वळत जातात. गुणसूत्रबिंदूवरचा कायनेटोकोर (नलिकेला धरणारा प्रथिनांचा गठ्ठा) या वळणाऱ्या धाग्यांच्या मागच्या बाजूला, अजून सरळ असलेल्या नलिकेला, एनडीसी80 नावाच्या प्रथिनसमूहाने धरून असतो, त्यामुळे तो मागे ढकलला जातो. म्हणजे पश्चावस्थेपुरती हमालाची उपमा मी मागे घेतो. तिथे दोरीच टोकाकडून उलगडत संपत जाते आणि तिच्यावरची कडी तिच्याबरोबर सरकते.

पण पश्चावस्था हा विभाजनाचा शेवटाकडचा आणि बहुधा सर्वांत सोपा टप्पा आहे. केंद्रकाचे आवरण फुटल्यावर गुणसूत्रे इतस्ततः विखुरलेली असतात, नलिकांची टोके त्यांना शोधत वाढत आणि कोसळत असतात, आणि बहुतेक वेळा पहिली गाठ पडते ती टोकाशी नव्हे, नलिकेच्या कडेशी. रिडर आणि अलेक्झांडर यांनी 1990 मध्ये न्यूट या उभयचराच्या फुप्फुसातील पेशींमध्ये हा क्षण टिपला. एकाच नलिकेच्या कडेला टेकलेले गुणसूत्र ध्रुवाकडे अक्षरशः धावत सुटते, मिनिटाला वीस मायक्रोमीटरहूनही अधिक वेगाने. हा वेग डायनीन या मोटर प्रथिनाला शोभणारा आहे, आणि इथे आपला दुसरा आक्षेप आपोआप सुटतो. टोकाला धरलेले गुणसूत्र टोक झिजेल त्याहून वेगाने जाऊच शकत नाही, मग त्याला ओढणारे कितीही चपळ असो. पश्चावस्थेतला संथपणा ओढणाऱ्याचा दुबळेपणा दाखवत नाही, तो वाटेचा वेग दाखवतो.

जोराच्या बाबतीतही असेच आहे. ब्रूस निकलस यांनी 1983 मध्ये नाकतोड्याच्या शुक्रजनक पेशीत बारीक काचेच्या सुईने सरकते गुणसूत्र अडवून धरले आणि सुई किती वाकते त्यावरून जोर मोजला. गुणसूत्र पूर्ण थांबवायला सुमारे 700 पिकोन्यूटन लागले. पेशीद्रवाच्या चिकटपणातून त्याला नुसते हलवायला मात्र 0.1 पिकोन्यूटनच्या आसपास जोर पुरतो. एक काइनेसिन रेणू पाच ते सात पिकोन्यूटनपर्यंत ओढू शकतो, म्हणजे एवढ्या कामाला एकच रेणू पुरून उरावा. तेव्हा ‘ताकद कोणाची’ या प्रश्नापेक्षा ‘वेळ आणि दिशा कोण ठरवते’ हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि माझ्या लेखात तो नीट आला नाही, हा दोष आपण दाखवलेल्या दोषाहून मोठा आहे.

डायनीनने ध्रुवापाशी आणून ठेवलेले गुणसूत्र तिथेच राहिले तर विभाजन फसते. तिथून त्याला पेशीच्या मध्याकडे नेण्याचे काम सेंप-ई हे काइनेसिन करते. साधारण 230 नॅनोमीटर लांबीचे हे लवचीक प्रथिन कायनेटोकोरला एका टोकाने बांधलेले असते आणि दुसऱ्या टोकाच्या दोन पायांनी नलिकेवर चालते. ते निकामी केले की बहुतेक गुणसूत्रे मध्यावर येतात, पण काही ध्रुवाशीच अडकून राहतात. हे काम झिजणारी दोरी कसे करणार? दुसरे उदाहरण एजी5 या चार पायांच्या काइनेसिनचे. ते विरुद्ध दिशेच्या दोन नलिका एकाच वेळी धरून त्यांना एकमेकींपासून दूर सारते. 1999 मध्ये सापडलेले मोनॅस्ट्रॉल हे रसायन एजी5 ला रोखते, ट्युब्युलिनला हात लावत नाही. नलिका वाढतात, झिजतात, सारे यथास्थित चालते, पण दोन ध्रुव वेगळेच होत नाहीत आणि एकाच केंद्राभोवती गुणसूत्रांचे कडे तयार होऊन पेशी तिथेच थबकते. याला दुय्यम काम म्हणणे मला जड जाते.

शिवाय आपण मोटर प्रथिने एका बाजूला आणि नलिकांचे आखडणे दुसऱ्या बाजूला ठेवता, तशी ती वेगळी नाहीत. एमसीएके हे काइनेसिनच्याच कुळातले प्रथिन आहे, पण ते चालत नाही. एटीपी खर्चून ते नलिकेचे टोक सोलते. ते तुमच्या रकान्यात घालायचे की माझ्या?

राहिला ‘चालणे’ हा शब्द. काइनेसिनच्या एका पायाला चमकणारा रेणू जोडून पाहिले असता तो पाय एका वेळी 16 नॅनोमीटर पुढे पडताना दिसला. दोन पाय आळीपाळीने पडत असल्यामुळे एकूण प्रथिन प्रत्येक पावलाला 8 नॅनोमीटर सरकते, म्हणजे ट्युब्युलिनच्या एका जोडीएवढे, आणि दर पावलाला एक एटीपी खर्ची पडते. मागचा पाय सुटतो, उष्णतेच्या धक्क्यांनी इकडेतिकडे भिरभिरतो आणि पुढची जागा सापडली की रुतून बसतो. हेतू नाही, हे खरे. पण आळीपाळीने पडणाऱ्या दोन पायांना दुसरा कोणता शब्द वापरायचा, ते मला सुचत नाही.

मूळ लेखातले वाक्य मी आज बदलले आहे. आता ते असे आहे: ‘मोटर प्रथिने गुणसूत्रांना मध्यावर आणतात आणि दोन्ही ध्रुव एकमेकांपासून दूर राखतात, पश्चावस्थेत त्यांना ध्रुवाकडे नेण्याचा बहुतांश जोर नलिकांच्या झिजणाऱ्या टोकांतून येतो.’ ‘बहुतांश’ हा शब्द मुद्दाम ठेवला आहे, कारण फळमाशीच्या पेशींत कायनेटोकोरवरचे डायनीन पश्चावस्थेतही ओढण्याला हातभार लावते.