सीमाभागात पुढारी व्हायचंय?

मग आधी एक काळा सदरा शिवून घ्या. १ नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, इकडे काळा दिन पाळतात; त्या सायकल फेरीला तो लागतोच. पोलिसांनी केस घातली तर देवाचे आभार माना. बेळगावात ग्रॅज्युएट नसलेला पुढारी चालतो, अंगावर केस नसलेला नाही.

महाराष्ट्र कर्नाटकाकडे मागतोय त्या गावांचा ८६५ हा आकडा झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला पाहिजे. त्या ८६५ गावांतल्या कुठल्या गावात नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी येतं, ते पाठ नसलं तरी चालेल. कोणी विचारलंच, तर २००४ पासून सुप्रीम कोर्टात असलेला दावा आहे. ‘एकदा निकाल लागू दे, सगळं मार्गी लागतंय बघा,’ म्हणायचं. गटारसुद्धा.

उमेदवारीच्या वेळी एकीची हाक सगळ्यात मोठ्यानं तुम्हीच द्या. एकच उमेदवार हवा, आणि तो तुम्हीच हवा. दुसऱ्या गटाला हे पटत नसेल तर फूट त्यांनी पाडली. २०१८ आणि २०२३, कर्नाटकाच्या दोन्ही विधानसभांत महाराष्ट्र एकीकरण समितीचा, म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात नेऊ म्हणणाऱ्या आपल्या समितीचा, एकही आमदार निवडून आला नाही. खचू नका. पडलेल्या माणसाला राष्ट्रीय पक्षात बरा भाव येतो, कारण मराठी मतांची गल्लीवार यादी त्याच्याच खिशात असते.

तिकडे गेल्यावर अस्मितेचं काय, ही चिंता नको. बेळगावजवळच्या राजहंसगडावर २०२३ च्या मार्चमध्ये शिवरायांच्या एकाच पुतळ्याचं चार दिवसांत दोनदा लोकार्पण झालं. आधी सत्ताधाऱ्यांनी केलं, मग विरोधकांनी. महाराज दोन्ही वेळा काही बोलले नाहीत. (ते बोलले असते तर बऱ्याच जणांना गड उतरायला वाट पुरली नसती.) शिवाय हळदीकुंकवाला कुकर वाटताना आतली चिठ्ठी कुठल्या भाषेत आहे, हे कोण बघतंय?

आता अवघड भाग. एखादा म्हातारा शेताचा उतारा घेऊन येईल. सगळा कन्नडात, ‘साहेब, जरा वाचून सांगा की,’ म्हणेल. तुम्हाला कन्नड फर्डं येतं, बेंगळूरची कामं त्याच्यावरच होतात. पण चारचौघांत वाचायचं नाही. कागद वर धरा, ‘हा मराठी माणसावर अन्याय आहे!’ म्हणा, फोटो होऊ द्या आणि कागद परत द्या. म्हातारा तो नीट घडी घालून सोसायटीतल्या क्लार्ककडे नेईल. तो वाचून देतो.